सही आणणारी सिस्टर

सोलापूर
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

ऋतुजा,

मी शिवम्मा सिस्टर. काचेच्या पेट्यांच्या खोलीतली, जाड चष्म्याची, जिचा आवाज जिन्यापर्यंत जातो ती. काल दुपारी बाळाला घेऊन तुम्ही निघालात तेव्हा तू माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीस, म्हणून ओळख सांगून सुरुवात करते आहे.

तुझा फोन लागत नाही, तुझ्या नवऱ्याचा, बिरुदेवचाही लागत नाही. केसपेपरवर तुमच्या वस्तीवरच्या आशाताईंचा, बजाबाईंचा नंबर होता, त्यांना फोन केला. त्या म्हणाल्या, "मोबाईलवर काय धाडलं की आदी घरभर हुतंय. तुमी कागद धाडा, मी सोता तिच्या हातात देते." म्हणून हे पाकीट सांगोल्याच्या एसटीच्या वाहकाकडे दिलं आहे. बारावीपर्यंत शिकली आहेस, तुझं तू वाच. दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नकोस.

बाळाच्या पाठीतल्या पाण्याचा पक्का रिपोर्ट आज सकाळी आला. त्यात जंतू निघाला आहे. याला मेंदूज्वर म्हणतात, म्हणजे मेंदूभोवतीच्या पाण्यात पू व्हायला लागलेला असतो. आम्ही जे औषध चालू केलं होतं तेच त्याला लागू पडणारं आहे, हेही रिपोर्टमध्ये आलं आहे. पण ते शिरेतूनच द्यावं लागतं आणि एकवीस दिवस द्यावं लागतं. बाळाला पाचच दिवस मिळालं. पाच दिवसांत ताप उतरला, दूध ओढायला लागला, म्हणून तुम्हाला वाटलं बरा झाला. तो बरा झालेला नाही. जंतू दबला आहे, गेलेला नाही.

त्याला घेऊन या. आजच निघा. त्याची पेटी मी अजून कुणाला दिलेली नाही.

तोपर्यंत एवढं बघत राहा. टाळूवर हात ठेव, ती फुगलेली लागते का. हातपाय झटकतो का. दूध नको म्हणतो का. चिरक्या आवाजात रडत राहतो का, किंवा अजिबात रडत नाही का. यातलं एक जरी दिसलं तर थांबू नका.

आणि त्या तपासणीचा राग धरू नका. तिच्याबद्दल तुमच्या माणसांना आधी सांगितलं होतं, बिरुदेवची सही आहे. दवाखान्याच्या गडबडीत नीट लक्षात आलं नसेल, असं होतं कधी कधी.

शिवम्मा सिस्टर


मंगळवार, १८ नोव्हेंबर

ऋतुजा,

पत्र तुझ्या हातात पडल्याचं बजाबाईंनी कळवलं. म्हणाल्या, "वाचलं तिनं. काय बोलली न्हाय. सासू म्हणती लेकरू लई ग्वाड झोपतंय, ताप न्हाय का काय न्हाय."

दहा दिवसांचं बाळ दूध मागायला उठत असेल तर ते गोड झोपणं. उठवूनही उठत नसेल तर ती झोप नाही. तू त्याला उठवून बघ. तळपायाला टिचकी मार. कंटाळल्यासारखं करून पुन्हा डोळे मिटत असेल तर मला त्यातलं काहीच गोड वाटत नाही.

काल दिवसभर मी तुझ्याशी मनात भांडत होते. एवढी शिकलेली मुलगी, सासूच्या एका ओरडण्यावर पोर उचलून निघाली म्हणून. मग संध्याकाळी घरी भाकरी थापताना आठवलं की ओरडायचं कारण मीच दिलं होतं. शुक्रवारी मी तुझ्या उघड्या छातीवर बाळाला निजवलं आणि वरून शाल बांधली. तू आपसूक त्याच्या पाठीवरून हात फिरवायला लागलीस. तुझं बोट कमरेपाशी थांबलं. तू म्हणालीस, "सिस्टर, हितं कसली पट्टी हाय?" मी म्हणाले, सलाईनची आहे.

कमरेला सलाईन कोण लावतं? तुला तेव्हाच कळलं असणार. मग शनिवारी सकाळी फरशी पुसणाऱ्या मावशींनी बोलता बोलता सांगून टाकलं की ह्याच्या पाठीतलं पाणी काढलंय, आणि तुझ्या सासूबाईंनी वॉर्ड डोक्यावर घेतला. "माझ्या भावाचं पोरगं असंच गेलं! पाणी काढलं आन् दुसऱ्या दिशी खेळ खलास!" त्यांचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. मी खोटं बोलले होते, म्हणून त्यांच्या पुढ्यात उभी राहून मला खरंही बोलता येईना.

तर आता सांगते, जे आधी सांगायचं होतं ते.

मेंदूपासून एक जाड दोर निघतो आणि पाठीच्या कण्यातून खाली जातो. मेंदूभोवती जे पाणी असतं तेच त्या दोराभोवतीही असतं. त्यामुळे मेंदूत काय चाललंय हे बघायला डोक्याला हात लावावा लागत नाही, खाली कमरेत तेच पाणी सापडतं. आणि तो दोर कमरेच्या वरच संपतो. आम्ही सुई त्याच्या खाली घालतो, जिथे नुसतं पाणी आणि सुटे धागे असतात. माणूस लुळा पडतो असं सगळे म्हणतात, त्याची भीती इथे जवळजवळ नसते. जवळजवळ म्हणते, कारण एखाद्या बाळाला तिथे रक्त साकळतं, बाळाला धरताना एखाद्याचा श्वास थोडा अडतो. म्हणून तर एकीने धरायचं, एकाने टोचायचं आणि यंत्राकडे डोळे ठेवायचे.

बाळाला कुशीवर घेऊन, गुडघे पोटाशी आणून धरतात, पोटात असताना असतं तसं. जागा औषधाने पुसतात. सुई केसाहून थोडी जाड. थेंब थेंब पाणी आपोआप गळतं, ओढत नाहीत. सगळं मिळून अर्धा चमचाही होत नाही, आणि तेवढं पाणी अंग काही तासांत पुन्हा तयार करतं. ते पाणी स्वच्छ असायला हवं. तुझ्या बाळाचं ताकाच्या निवळीसारखं गढूळ होतं.

सासूबाईंना सांग, त्यांचा भाचा पाणी काढल्यामुळे गेला नाही. तो फार आजारी होता म्हणून त्याचं पाणी काढलं होतं, आणि तो आजारच त्याला घेऊन गेला. लोकांना सुई दिसते, जंतू दिसत नाही. त्यांचं दुःख खोटं नाही हेही सांग.

आज औषधाविना तिसरा दिवस आहे. आलात की पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागेल, पण या.

शिवम्मा


गुरुवार, २० नोव्हेंबर

ऋतुजा,

तू येत नाहीस. बजाबाई म्हणतात, ऋतुजा विचारते, "सिस्टरनी सांगितलं हुतं म्हणत्यात, मग कवा सांगितलं?"

पहिल्या पत्रात मी लिहिलं की तुमच्या माणसांना आधी सांगितलं होतं. ते खोटं आहे. मी कुणालाच काही सांगितलं नव्हतं.

आमच्या विभागात एक बोलायची पद्धत पडली आहे. कुणाचे नातेवाईक ऐकत नसले, परवानगी देत नसले की डॉक्टर म्हणतात, शिवम्माकडे द्या, ती सही आणते. गेली दोन वर्षं मी सही आणणारी सिस्टर आहे आणि मला त्याचा तोरा होता, खोटं कशाला बोलू. माझी एक रीत आहे. फॉर्म पुढे करायचा, जिथे सुईचं लिहिलं आहे त्या ओळीवर आपला तळहात ठेवायचा आणि बोलत राहायचं. कुठलं गाव, पाऊसपाणी कसं, बाळ कुणावर गेलंय. माणूस उत्तर देता देता सही करतो. बिरुदेवला मी विचारलं, मेंढरं यंदा कुठवर गेली? तो खुलला. त्याचे वडील, येडूमामा, कळप घेऊन भीमेच्या कडेला गेलेत ते सांगत त्याने सही केली. "कशाची ओ?" असं त्याने एकदा विचारलं. मी म्हणाले, तपासण्यांची.

आणि तो दिवस कुठला, तर बाळाची पाचवी. सकाळीच सासूबाईंनी माझ्याकडून कोरा कागद आणि पेन मागून घेतलं होतं, सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते म्हणून. दवाखान्याच्या शेडमध्ये एक धुतलेला दगड पाटा म्हणून मांडून त्या पूजा करणार होत्या. मला म्हणाल्या, "बाई, आजचा दिस ह्येच्या अंगाला टोचू नगा. ल्ह्यायाचा दिस हाय. उद्या काय करायचं ती करा." मी म्हणाले, व्हय आजी.

दोन वाजता बाळाला झटका आला. डॉक्टर म्हणाले, पाणी आत्ताच काढायला हवं, उद्यावर टाकता येणार नाही. मी शेडमध्ये जाऊन हे सांगायला हवं होतं. आजी, मी शब्द दिला होता पण आता तो पाळता येत नाही, असं. त्याऐवजी मी बिरुदेवकडून ती सही घेतली आणि तुम्हाला म्हणाले, जा, पूजा उरकून घ्या, मी आहे बाळापाशी.

असं का केलं ते सांगते. सांगितल्याने माझं ओझं कमी होईल असं मला वाटत नाही. दोन वर्षांपूर्वी अक्कलकोटच्या खालच्या बाजूची एक मुलगी आली होती, सहा दिवसांची. तिचे आजोबा निंगप्पा माझ्याच भागातले, कन्नड बोलणारे. घरचं माणूस भेटल्यासारखं मला झालं. मी टॉवेलची गुंडाळी करून त्यांना कणा दाखवला, दोर दाखवला, सुई कुठे जाते ते दाखवलं, धोकेसुद्धा सांगितले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, मला हात जोडले आणि म्हणाले, बाई, तुम्ही खरं सांगितलंत, उपकार झाले. आणि मुलीला घेऊन गेले. चार दिवसांनी ती गेल्याचा निरोप त्यांनीच दिला. त्यानंतर मी ठरवलं की खरं सांगून मारण्यापेक्षा लपवून वाचवलेलं बरं. त्यानंतरची बाळं वाचलीही, बरीच. प्रत्येक बाळ घरी गेलं की मला वाटायचं माझं बरोबर आहे.

तुझ्या बाळाच्या वेळी मी लपवलं आणि लपवल्यामुळेच तो आत्ता औषधाविना पडला आहे. मला शिव्या दे. माझं तोंड बघू नकोस, मी दुसऱ्या विभागात जाऊन बसते. पण त्याला आण.

शिवम्मा


रविवार, २३ नोव्हेंबर, सकाळ

ऋतुजा,

काल मी तुमच्या दारात आले तेव्हा तू आतल्या खोलीतून बाहेर आली नाहीस. भिंत पातळ आहे, तुला सगळं ऐकू गेलं असेल. तरी लिहिते, कारण एक गोष्ट मला तिथे सगळ्यांसमोर बोलता आली नाही.

यायच्या आदल्या दिवशी मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. तळहाताचं, पाचवीचं, पट्टीचं. मला वाटलं होतं ओरडतील. त्यांनी फाईल उघडून ती सही बघितली आणि म्हणाले, "सिस्टर, म्हणजे मी परवानगी नसताना त्याच्या पाठीत सुई घातली?" तीस वर्षांच्या नोकरीत मला एवढी लाज कधी वाटली नव्हती. मी तिथल्या तिथे सगळं लिहून दिलं. त्यांनीच मला तुमच्याकडे जायला सांगितलं. म्हणाले, माझा फोन चालू ठेवतो, ते तयार झाले तर पाठोपाठ गाडी धाडतो.

बजाबाई मला वस्तीपर्यंत घेऊन आल्या. सासूबाईंनी मला पाणी दिलं. त्यांच्या जागी मी असते तर पाणीही विचारलं नसतं, पण त्यांनी तांब्या भरून दिला. बिरुदेव अंगणात कोकराच्या खुराला औषध लावत होता. मी सगळं सांगेपर्यंत त्याने मान वर केली नाही. मग म्हणाला, "सिस्टर, मेंढरू गरगर फिराय लागलं की आमाला कळतंय, त्येच्या डोस्क्यात पाणी झालंय. मेंढराचं कळतंय, मग लेकराचं सांगितलं असतं तर न्हाय कळलं असतं व्हय?"

मी विचारलं, मग तू हो म्हणाला असतास का रे?

"आता काय सांगू? हो म्हणलो असतो का न्हाय, मला बी सांगता यीना. तुमी इचारलंच न्हाय की."

मी म्हणाले, मला बाळाला बघू द्या.

सासूबाईंनी बाळाला बाहेर आणलं. "बगा, कसा गप झोपलाय," म्हणाल्या. मी हात धुऊन टाळूवर ठेवला. ती हाताखाली टम्म लागली. डोळे अर्धे मिटलेले, बुबुळं खाली उतरलेली. मी त्यांना तिथेच सांगितलं, यावेळी काही न लपवता, की डोक्यात पाणी साठायला लागलं आहे, आत्ता निघालो तर जगेल असंही मी छातीठोक सांगू शकत नाही, आणि जगला तरी ऐकू येईल का, दिसेल का, चालेल का हे कुणालाच सांगता येणार नाही. पण घरी ठेवला तर जाणार, हे मात्र नक्की सांगते. बिरुदेव म्हणाला, आबांना विचारल्याशिवाय कसं नेऊ, आबा मेंढरांसंगं हायेत, फोन लागत न्हाय, उद्यापतूर वाट बघू. मी विनवलं. त्याच्या पायांना हात लावायला वाकले तर तो मागे सरकला. शेवटच्या एसटीने मी परत आले.

जे बोलता आलं नाही ते आता लिहिते. आमच्या फॉर्मवर बापाच्या सहीइतकीच आईच्या सहीला किंमत आहे. त्या दिवशी मी तो कागद तुझ्यासमोर धरलाच नाही. तू शेडमध्ये ओल्या कपड्यात बसली होतीस, पाच दिवसांची बाळंतीण, आणि तुला काय विचारायचं असं मला वाटलं. मी तुला विचारण्यासारखं माणूसच धरलं नाही. आज धरते. सासऱ्यांचा फोन लागायची वाट बघू नकोस, नवऱ्याच्या तोंडाकडे बघू नकोस. बजाबाईंना नुसतं हो म्हण, तासाभरात तालुक्याची गाडी येईल. तुला नाही म्हणायचं असेल तर नाही म्हण, पण तू म्हण.

पहिल्या गाडीने हे पाकीट पाठवते आहे.

शिवम्मा


रविवार, १४ डिसेंबर

ऋतुजा,

हे पत्र तू उघडशील की नाही मला माहीत नाही. यात कशाची विनंती नाही.

कामाचं आधी सांगते. चौकशी चालू आहे. नातेवाइकांची परवानगी आणण्याचं काम माझ्याकडून काढलं आहे, आणि ते योग्यच झालं. बिरुदेव तक्रार लिहिणार आहे असं बजाबाई म्हणाल्या. त्याला लिहू दे. माझी ही पत्रं तुझ्याकडे असतील तर ती जोडा, विसाव्या तारखेच्या पत्रात सगळं माझ्या अक्षरात आहे. टाकून दिली असतील तर कळव, मी पुन्हा लिहून देईन. आता फॉर्मही नवा करताहेत, मोठ्या अक्षरातला. सुईची ओळ सगळ्यात वर घ्या असं मी सांगितलं. ऐकतील का कोण जाणे.

चोवीस नोव्हेंबरला, सोमवारी तू आलीस तेव्हा बाळाला छातीशी बांधून आणलं होतंस आणि तुझ्या मागे सासूबाई होत्या, बिरुदेव त्यांच्या मागे. तू टेबलापाशी उभी राहून म्हणालीस, "कागद द्या." ओळ न् ओळ वाचलीस, दोन ठिकाणी मला अर्थ विचारलास आणि मग सही केलीस. मी तिघांना बसवून टॉवेलची गुंडाळी केली आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. सासूबाईंनी मध्येच विचारलं, "आन् आता उशीर झाला आसंल तर?" मी म्हणाले, झालेला असू शकतो. त्या म्हणाल्या, "घाला सुई. पर आता खरंच सांगत ऱ्हावा." मी त्यांना पुढचे पाच दिवस खरं सांगितलं. रोज सकाळी सांगण्यासारखं चांगलं काहीच नसायचं, आणि त्या रोज येऊन माझ्यासमोर उभ्या राहायच्या.

आत यायचंय म्हणून तू डॉक्टरांपाशी हट्ट धरलास. त्यांनी येऊ दिलं. मी बाळाला कुशीवर धरलं, तू त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिलीस. सुई गेली. थेंब पडेना. मग जे आलं ते पाणी नव्हतंच, तू बघितलंस. आणि बाळ रडलं नाही. अंग आखडलं नाही, ओठसुद्धा वाकडा केला नाही. पाठीत सुई गेली आणि त्याला ती कळली नाही. तेव्हा तू हळूच विचारलंस, "पयल्या टायमाला रडला हुता का ओ?"

मी ऐकू न आल्यासारखं केलं. डॉक्टरांनी नळी मागितली, मी नळी पुढे केली. नंतर पाच दिवस तू तिथेच होतीस, मी तिथेच होते, तू पुन्हा विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. शनिवारी दुपारी तो गेला. बिरुदेवने त्याला घोंगडीत गुंडाळून घेतलं आणि तुम्ही निघालात. मी जिन्यापर्यंत आले. तिथूनच परत फिरले. या पंधरा दिवसांत मला जेवण गोड लागलेलं नाही, माणसांत बसवत नाही. रजेवर असूनही रोज दवाखान्याच्या फाटकापर्यंत जाऊन परत येते. हे दया यावी म्हणून सांगत नाही. तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे आणि ते तुझं आहे, म्हणून लिहायला बसले.

रडला होता. खूप रडला. सुई टेकल्याबरोबर त्याने अशी बोंब ठोकली की बाजूच्या पेटीतलं बाळ जागं झालं. लाल झाला, दोन्ही पाय माझ्या हातातून सोडवून घेतले, मला पुन्हा धरावा लागला. डॉक्टर म्हणाले, "पोरात जोर आहे." मला पण बरं वाटलं. रडतं बाळ आमच्याकडे चांगलं समजतात.

पण तू हे विचारलंस, कारण तुला ते ऐकू आलं नव्हतं. आणि तू लांब नव्हतीस. मी तुम्हाला पूजेला पाठवलं होतं, पण तू अर्ध्यातून उठून वर आली होतीस. दूध काढून आणलं होतंस, वाटी ओढणीने झाकलेली. मी तुला दारातच अडवलं. म्हणाले, दुपटं बदलतोय, बाकावर बस पाच मिनिटं. तू बसलीस. दाराच्या काचेतून मला तुझं डोकं दिसत होतं. डॉक्टरांनी सुई हातात घेतली तेव्हा मी बाळाला एका हाताने धरून दुसऱ्या हाताने दार ओढून घेतलं आणि वरची खिट्टी लावली, तुला रडणं ऐकू जाऊ नये म्हणून. ते दार जाड आहे, बाहेर काही जात नाही.

त्यानंतर एवढ्या जोरात तो पुन्हा कधी रडला नाही. ते रडणं डॉक्टरांनी ऐकलं, मी ऐकलं. तू दोन हातांवर बाहेर बसली होतीस, आणि मी तुला ते ऐकू दिलं नाही.

शिवम्मा